तुम्ही विचारलंत म्हणून: रविवारी आमच्याकडं झुणका का?

नाही, माळ घातलेली नाही. डॉक्टरांनी पथ्य सांगितलेलं नाही. नवस बोललेला नाही, आणि मटण परवडत नाही असंही नाही. थंडीच्या दिवसांत शनिवार-रविवार आमच्या घरी झुणका, आमटी, भात असलंच काहीतरी शिजतं आणि आम्ही कुठंही जात नाही. "ह्यांना चालतंय होय?" हे बँकेत, गल्लीत, हळदीकुंकवात इतक्यांदा ऐकलंय की एकदाच काय ते लिहून टाकते.

बेळगावातला रविवार तुम्हाला सांगायला नको. सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग, अकराच्या सुमारास गल्लीभर भाजलेल्या खोबऱ्याचा वास. ज्या घरातून तो वास येत नाही तिथं काहीतरी बिनसलंय, असंच धरून चालतात सगळे.

२०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी झाली. लोक म्हणाले, बायकांचं बरं झालं. झालं एवढंच की पाहुणे शुक्रवारी रात्रीच यायला लागले. शनिवारी धुणं, दळण, बाजार, रविवारी मटण, आणि सोमवारी काउंटरवर खुर्चीत बसल्यावर मला पहिल्यांदा टेकायला मिळायचं. "आयता मसाला मिळतो की आता," असं म्हणणाऱ्यानं मटणाचा कुकर थंड पाण्यात घासून बघावा.

आणि आळसाला ह्यापेक्षा चांगले दिवस कुठले? गाव सुमारे अडीच हजार फुटांवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही. शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात भात कापून झालेलं असतं आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा उभा असतो. बाजारात पावटा येतो, ओला हरभरा येतो, ओल्या लाल मिरच्यांचे ढीग लागतात. बासमतीचा भात, मसुराची आमटी, वर तूप, सोबत रंजका, म्हणजे ओल्या लाल मिरच्यांचा ठेचा. ह्याला साधं म्हणायचं तर म्हणा. भाकरी मी करत नाही, कडक भाकरी विकत आणते. मंद आचेवर त्यांच्यातलं पाणी पार गेलेलं असतं, त्यामुळं पंधरा दिवस सहज राहतात. गरम भाकरी वाढायची म्हणजे सगळे जेवत असताना एकजण तव्यापुढं उभी. ती एकजण कोण, हे कुणी विचारत नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही खरं विचारत असता, ते. गल्लीत अर्धंच ऐकलंय तुम्ही.

जानेवारीतला रविवार होता. पुण्याहून थोरले दीर आणि जाऊबाई आलेल्या, सोबत दिरांचे एक मित्र. शुक्रवारीच मी फोनवर सांगितलं होतं की ह्या वेळी साधंच करणार आहे. जाऊबाई "बरं बरं" म्हणाल्या होत्या. पान वाढलं: झुणका, भरली वांगी, दही, रंजका, कडक भाकरी. मित्र बिचारे मुकाट्यानं जेवायला लागले. दिरांनी भाकरी मोडली, कड्ड असा आवाज झाला आणि ते तशीच हातात धरून बसले. मग जाऊबाई हसत हसत म्हणाल्या, "आमच्याकडं कामाला येणाऱ्या बाईलाही रविवारी असं वाढत नाही हो."

हे उठले. हात धुतला, चप्पल घातली, गाडी काढली. पाऊण तासानं काळी पिशवी आणून कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाले, "कर."

एवढंच. ह्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी बहुतेक मसाला भाजायला घेतला असता, भांडण नको म्हणून. मी पिशवीकडं बघितलं, ओल्या हरभऱ्याची जुडी उचलली आणि गच्चीवर गेले. उन्हात बसून घाटे सोलले. खालून कांदा चिरल्याचा, भांडं पडल्याचा, शिट्ट्यांचा आवाज येत होता. दोन-तीन शिट्ट्या झाल्यावर कुकर उघडायचे, परत लावायचे. दुपारी उरलेलं मटण ते, जून असणारच. साडेचारला पंगत बसली. मला कुणी हाक मारली नाही.

तुम्ही म्हणाल, जिंकलीस. काय जिंकले? हे पुढं कितीतरी दिवस कामापुरतंच बोलत होते. जाऊबाई त्यानंतर आमच्या घरी आलेल्या नाहीत. आणि पानात वाढलेला तो रंजका त्यांनीच शिकवलेला. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत शेजारी बसवून, मिरच्या धुऊन पुसून कोरड्या कशा करायच्या, मेथी किती भाजायची, मीठ हात राखून का घालायचं नाही, सगळं दाखवलं होतं. सासरी मला आधी कुणी जवळ केलं असेल तर त्यांनी. हे आठवलं की त्यांच्या बोलण्याचा राग वाढतो, कमी होत नाही.

तेव्हाची मी पाचला उठून वाटण घालायची. दीर "रस्सा एकच नंबर" म्हणाले की दिवसभर तरंगायची. ती मुलगी आज समोर आली तर म्हणेल, तुला आता कौतुक मिळत नाही म्हणून साधेपणा मिरवतेस. पाहुण्याला आवडीचं करून घालण्यात कमीपणा कसला? मी तिला म्हणेन, तुझे हात अजून दुखत नाहीत. ती म्हणेल, मग थंडीतच कसे दुखतात, पावसाळ्यात तर करतेस की मटण! ह्यावर मला उत्तर येत नाही. थंडीत मला ऊन पाहिजे असतं, झालं.

गेल्या वर्षी रंजक्याची बरणी पुण्याला पाठवली. फोन दिरांचा आला, मीठ कमी पडलंय म्हणाले. मागून जाऊबाईंचा आवाज येत होता, पण फोन त्यांनी घेतला नाही.

तेव्हा विचारायचं असेल तर खुशाल विचारा, फक्त ह्यांच्या पोटाची काळजी करू नका. आणि येणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, कडक भाकरी जास्त आणून ठेवते. मटणच पाहिजे असेल तर ह्यांना सांगा. आता बरं जमतं त्यांना, मसाला तेवढा करपवतात.