संजीवन म्हणजे मागतासा तरी काय ओ?

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी ख्रिस्ती प्रार्थनेला माणसं जमतात. पेटी, ढोलकी, दोन-चार गाणी मराठीत, दोन-चार कन्नडमध्ये, आणि मग बराच वेळ प्रार्थना. कुणी पुटपुटतं, कुणी मोठ्यानं रडतं. बेळगावच्या शहापुरातली जुनी घरं, भिंतीला भिंत लागलेली. गल्लीपासून काही लपत नाही. मग दुधाच्या पिशव्या घेताना, गणपतीची वर्गणी देताना, कुणाच्या लग्नात पंगतीला बसल्यावर प्रश्न येतोच: "तुम्ही सारखं संजीवन संजीवन म्हणतासा, मागतासा तरी काय ओ?" माणूस जरा धीट असला तर त्याच्या पाठोपाठ दुसरा: "आमच्यासाठी पण प्रार्थना करतासा म्हणे. ओढायला बघतासा काय आम्हाला?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण पत्रावळीवर भात वाढत असताना उत्तर देण्यासारखे नाहीत. तुम्ही विचारलंत म्हणून इथे सवडीनं सांगते.

पहिल्याचं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. संजीवन, म्हणजे विझत आलेली श्रद्धा पुन्हा जिवंत होणं, आम्ही मागतो ते आधी आमच्यासाठी. बायबलातल्या ८५व्या स्तोत्रात देवाला विचारलंय, तुझ्या लोकांनी तुझ्या ठायी आनंद करावा म्हणून तू आम्हाला पुन्हा जिवंत करणार नाहीस काय? म्हणजे विचारणारे देवाच्या घरातलेच आहेत. यहेज्केल संदेष्ट्याला दरीभर वाळलेली हाडं दिसली, तीही परक्यांची नव्हती. ही हाडं म्हणजे इस्राएलाचं सगळं घराणं, असं देवानंच त्याला सांगितलं.

आमच्या घराण्याचं सांगायचं तर बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० मध्ये सुरू झालं. त्या जुन्या मिशनऱ्यांची आठवण बेनन-स्मिथ शाळेच्या नावात अजून आहे. दोनशे वर्षं झाली. आता आमच्यातल्या कित्येकांना ख्रिस्ती असणं म्हणजे आडनावासारखं झालंय, जन्मानं मिळालेलं, कधी विचार न केलेलं. बाप्तिस्मा, लग्न आणि दफनभूमीतली जागा, एवढ्यापुरतं देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो). मधल्या काळात नाताळ आणि कमिटीची निवडणूक. निवडणूक जवळ आली की बाकं कशी भरतात बघा! सकाळची वेळ मराठी उपासनेला की कन्नडला, यावरून वर्षानुवर्षं धुसफूस. कापणीच्या सणाला तांदूळ, नारळ, भोपळे वेदीपुढं आणून ठेवतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. तिथं एका नारळावर दोन सख्खे भाऊ हट्टानं बोली चढवत जातात. देवाला जास्त मिळावं म्हणून नव्हे, दुसऱ्याला मिळू नये म्हणून. आणि त्याच दिवशी प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर नि द्राक्षरस घ्यायला, दोघे एका रांगेत गुडघे टेकतात.

याला वाळलेली हाडं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आमच्याकडे एक मावशी येतात, बैलहोंगलकडच्या. माहेर मराठी, सासर कन्नड. त्यांची प्रार्थना "तंदेये, निमगे स्तोत्र" अशी कन्नडमध्ये सुरू होते, मधे कधीतरी मराठीत येते आणि पैशाचा विषय निघाला की परत कन्नडमध्ये जाते. डोळे गच्च मिटलेले, पदर डोक्यावर, हाताची बोटं सतरंजीची दशी पिळत असतात. मागतात काय? जगाचं भलं वगैरे शेवटी, दमल्यावर. आधी हे: जावेचे पैसे माझ्याकडे राहिलेत, ते परत द्यायची बुद्धी दे. धाकट्या सुनेशी बोलताना माझी जीभ आवर. हेच पुन्हा पुन्हा, शुक्रवारमागून शुक्रवार. ऐकणाऱ्याला कंटाळा यावा इतकं. मग एके दिवशी पैसे खरंच गेले. पुढं काही दिवसांनी जाऊबाई आल्या आणि सतरंजीवर मावशींच्या शेजारी, जरा तिरक्या, बसल्या. आम्ही संजीवन म्हणतो ते याला. पोस्टरवर छापण्यासारखं त्यात काही नाही.

पोस्टरवरचंही असतं, नाही कशाला म्हणू. मैदान, मांडव, भोंगे, 'चिन्हे आणि चमत्कार'. तिथं जाऊन बदललेली माणसं मी पाहिलीत आणि सोमवारी होती तशीच झालेलीही पाहिलीत. माझा कल सतरंजीकडे आहे.

मराठीतलं मोठं उदाहरण हवं असेल तर केडगावचं मुक्ती मिशन, पंडिता रमाबाईंचा आश्रम. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, कर्नाटकात गंगामूळच्या रानातला, आणि काम मराठी मुलखातलं. (त्यांना सीमेच्या कुठल्या बाजूला घालायचं ते दोन्ही सरकारांनी बसून ठरवावं.) जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी आश्रमातल्या मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमायला सांगितलं, आणि जूनच्या अखेरीला तिथं जे सुरू झालं ते आजही सभांतून रंगवून सांगतात: मुलींचं रडणं, पापं कबूल करणं, रात्र रात्र प्रार्थना. मला त्याच्या आधीचं आणि नंतरचं जास्त मोलाचं वाटतं. आधी काय होतं? १८९६-९७ चा आणि १९०० चा दुष्काळ. उपासमारीतून उचलून आणलेल्या शेकडो मुली नि विधवा रमाबाईंनी मुक्तीत सांभाळल्या. जी जागा पेटली ती आधीच कष्टानं भरलेली होती. नंतर त्याच मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत गेल्या. १९१२ मध्ये गुलबर्ग्याला शाळा निघाली, आईच्या बरोबरीनं मनोरमाबाई त्यात होत्या. आणि रमाबाई स्वतः साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणायचं काम १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत करत राहिल्या. कुठल्याही संजीवनाच्या गोष्टीत मी हेच शोधते, की रडून झाल्यावर माणसं कुठं गेली.

कारण आशीर्वाद हा वाटायचाच असतो. अब्राहामाला देव म्हणाला, मी तुला आशीर्वाद देईन, आणि तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. ६७व्या स्तोत्रातही आमच्यावर दया कर, आम्हाला आशीर्वाद दे असं मागितल्यावर लगेच कारण दिलंय: तुझा मार्ग पृथ्वीवर कळावा म्हणून. आमच्या उपासनेत पाळकसाहेब हात वर करून 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो' म्हणतात ते अगदी शेवटी, माणसं चपला शोधायला लागायच्या आधी. पुढचं काम रस्त्यावर.

चिकोडी-रायबागकडच्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगावं लागत नाही. घरात कुणी अत्यवस्थ झालं की मिरजेच्या मिशनात न्यायचं, हे त्यांचं ठरलेलं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तो दवाखाना सुरू केला, आणि खाटेवरचा माणूस कुठल्या जातीचा, कुठल्या भाषेचा, हे विचारून चाकू चालत नव्हता. त्यातले बहुतेक जसे आले तसेच आपापल्या देवाकडे परत गेले, बरे होऊन. माझ्या हिशेबी आशीर्वाद पोचला.

बेळगावात राहून प्रार्थना करायची म्हणजे आणखी एक अडचण असते. यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलं होतं की ज्या नगरात तुम्हाला ठेवलंय त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, त्याच्या शांतीत तुमची शांती आहे. ठीक. पण १ नोव्हेंबरला याच नगरात एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या रस्त्यावर काळ्या दिनाची सायकल फेरी. १९५६ पासूनचं हे दुखणं. आमच्या सतरंजीवर दोन्हीकडची माणसं बसतात. एकाचा मुलगा लाल-पिवळा झेंडा घेऊन गेलेला, दुसऱ्याचा काळी पट्टी बांधून. पहिल्यांदा तो दिवस नेमका शुक्रवारी आला तेव्हा नगरासाठी प्रार्थना कोण करणार यावर खोली गप्प. शेवटी ठरलं की मराठी माणसानं कन्नडवाल्यांच्या पोरांसाठी मागायचं आणि कन्नड माणसानं मराठीवाल्यांच्या. सुरुवातीला शब्द अडखळत होते, दात-ओठ खाऊनच आशीर्वाद दिला म्हणा ना. अजूनही प्रत्येकाचं मत जिथल्या तिथं आहे. पण आता कुणाचा पोरगा पोलिसांनी नेला तर सोडवायला दोघं मिळून जातात.

आता दुसरा प्रश्न.

डिसेंबर २०२१ मध्ये इथंच, सुवर्ण विधानसौधात, धर्मांतराविरुद्धचं विधेयक विधानसभेनं मंजूर केलं. त्या दिवसांत हा प्रश्न विचारणाऱ्यांचा सूर बदलला होता. काही घरांतल्या प्रार्थना थांबल्या. आमच्या शेजारच्या काकूंनी मात्र त्या शुक्रवारी आपल्या घरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आमच्या दारात आणून ठेवल्या, म्हाताऱ्यांना खाली बसवत जाऊ नका म्हणाल्या. काकू एकादशी चुकवत नाहीत, त्यांनी ती चुकवावी अशी माझी इच्छाही नाही.

तर ओढायला बघतो काय? खोटं बोलणार नाही. येशूची ओळख माझ्या आवडत्या माणसांना व्हावी असं मला वाटतं. ज्यानं मला सावरलं त्याच्याबद्दल मी गप्प राहावं हे कसं जमेल? विचारलंत तर साक्ष देईन. येशूचा शिष्य पेत्र यानं पत्रात सांगितलंय तसं, सौम्यतेनं आणि आदरानं. पण तुमच्या पोराच्या ऑपरेशनसाठी केलेली प्रार्थना ही त्याची उसनवारी नव्हे. ती फेडायची नसते. तेलाची बाटली घेऊन दारोदार जाणारे, गोळ्या बंद करा म्हणजे विश्वास दिसेल असं सांगणारे काहीजण आमच्या नावावर फिरतात, त्यांचा मला तुमच्याइतकाच राग येतो. बीपीची गोळी घ्या आणि प्रार्थनाही करू.

ऑगस्ट २०१९ च्या पुराचं सांगते. गोकाक, चिकोडी, निपाणी, खानापूर, जिकडे तिकडे पाणी. देवळाच्या हॉलमध्ये महिला मंडळानं भाकऱ्या थापायला घेतल्या. जोंधळ्याच्या पिठानं फरशी पांढरी, तीन शेगड्यांचा धूर, खिडक्या उघडाव्यात तर पाऊस आत. वर्तमानपत्रात भाकरी, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी बांधून टेम्पोत चढवायची. एका उत्साही तरुणानं वचनं छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा आणला, प्रत्येक पुडक्यात एकेक घालूया म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता, आणि दोघी-तिघींनी माना डोलावल्याही. बैलहोंगलच्या मावशी परातीतून हात न काढता म्हणाल्या, "भाकरीत भाकरीच घाल, बाळा. भुकेल्यानं आधी वाचायचं काय?" पोरगा लाल झाला. पण त्यानं गठ्ठा कोपऱ्यात ठेवला आणि पुढं रात्रभर टेम्पोबरोबर गेला, कमरेइतक्या पाण्यात उतरून पुडकी देत. तिथं एका आजोबांनी विचारलं, कुठून आलासा रे पोरा? त्यानं सांगितलं. मी याला साक्ष म्हणते. पत्रकाला म्हणत नाही. आमच्यातल्या काहींना हे पटत नाही, वाद अजून चालू आहे.

आपल्या मराठीत या वादाला जुनं वळण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, 'देवाचा दरबार' नावाचा संघ काढला, आणि त्यात ख्रिस्ताच्या शिष्यांना जागा होती, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्याही. पुष्कळांना ते रुचलं नाही. दोनच वर्षांत टिळक गेले. पण भजन-कीर्तनातून, आपल्या मातीच्या चालीत देवाला हाक मारायची जी वाट त्यांनी रुंद केली, तिच्यावरूनच आम्ही शुक्रवारी चालतो. टाळ्यांचा आवाज तुमच्या भिंतीपलीकडे येतो तो त्यामुळंच.

तिसरा प्रश्न फार थोडे जण विचारतात: येऊन नुसतं बसलं तर चालतंय काय? चालतंय की. सात वाजता सुरू म्हणतो, साडेसात होतात. थैली फिरवत नाही. कुणासाठी काही मागायचं असेल तर नाव सांगा, आजार सांगायलाच पाहिजे असं नाही. शेवटी चहा असतो, आणि कुणाच्या घरचा वाढदिवस असला तर कुंदा. ढोलकीवाला सध्या गोव्याला कामाला गेलाय, त्यामुळे तुमच्यात कुणाचा ताल पक्का असेल तर त्याला आधी पाठवा.