सोलापूरहून समुद्रावर कंपनीची सहल: तारीख पंचांगातून काढा

कंपनीच्या सहलीची तारीख बहुतेक ठिकाणी रिसॉर्टची सवलत बघून ठरते. समुद्रावर जायचं असेल तर ती भरती-ओहोटी बघून ठरवावी, असं माझं ठाम मत आहे. सोलापूरच्या माणसाला ऊन कळतं, धूळ कळते. पण दुपारी आखलेलं मैदान संध्याकाळी पाण्याखाली असेल, हे त्याच्या हिशेबात नसतं.

कोकणात हा हिशेब तोंडी करतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्याही पंधरावीच धरायची. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी रत्नागिरीचं भरतीचं कोष्टक बघून घ्या. त्रयोदशी ते पौर्णिमा (किंवा अमावास्या) या दिवसांत ओहोटी दुपारी चार ते साडेपाचला येते: ऊन उतरलेलं, पुळण (वाळूचा किनारा) रुंद, वाळू ओली आणि घट्ट. अष्टमीच्या आसपास हीच ओहोटी भर बाराला, म्हणजे खेळायला सगळ्यात वाईट वेळी.

मात्र पौर्णिमा-अमावास्येच्या याच तिथींना उधाण असतं, आणि पाणी ओसरताना ओढ जास्त. तेव्हा खेळ वाळूवर, पाण्यात फक्त पोटरीपर्यंत. गणपतीपुळ्याचा किनारा तर पोहण्यासाठी धोक्याचाच आहे. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, गढूळ दिसतोय? तिथूनच पाणी आत ओढतं, आणि नवखा माणूस नेमकी तीच जागा 'शांत' म्हणून निवडतो. अडकलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. पाठीवर तरंगावं, हात वर करावा, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर सरकावं. हात धरून साखळी करून आत शिरू नका, त्यात वाचवणारेच जातात. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन वीस मीटर हलक्या दोरीला बांधून तयार ठेवा आणि तो फेका. दहा माणसांमागे एक मोजणारा, दर पंधरा मिनिटांनी शिट्टी आणि हजेरी. दारू प्यायलेला माणूस पाण्यात नाही, मग तो मॅनेजर का असेना.

खेळांत रस्सीखेच सर्वांत उत्तम. एका बाजूला आठ जण, मधल्या खुणेपासून चार मीटर ओढलं की जिंकलं. स्पर्धेचा दोर घेरात दहा ते साडेबारा सेंटीमीटर असतो. त्याहून बारीक दोर तळव्यात रुततो. मनगटाला दोर कधीही गुंडाळू देऊ नका, पुढचा पडला की बोटं सुटत नाहीत. कोरड्या वाळूत पाय रुततात, ओल्या वाळूत टाच रोवता येते. संघ खातेनिहाय पाडू नका. लूमवाले विरुद्ध पॅकिंगवाले हे भांडण कारखान्यात आधीच असतं. प्रत्येक संघात दोन्हींकडची माणसं घाला आणि 'हय्या' म्हणायला सगळ्यात नव्या मुलाला उभं करा.

रत्नागिरीकडे जायचा रस्ता मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, हातखंबा. थांबे धरून दहा तास. रात्री निघू नका, आंबा घाट पहाटेच्या अंधारात आणि धुक्यात लागतो. पहाटे पाचला निघालात तर तीनपर्यंत पोहोचता आणि ओहोटीही सापडते. तांबडा-पांढरा रस्सा परतीच्या वाटेवर खा. जाताना घाटाआधी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही पुरे. उलटीची गोळी घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, कोल्हापूर सोडतानाच द्या.

सोलापूरच्या चाळीस अंशांपुढे तिथले बत्तीस किरकोळ वाटतात. पण दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि माणूस पाणी प्यायचं विसरतो. खेळाच्या वेळी मीठ-साखरेचं लिंबूपाणी माणशी एक लिटर धरा. टॉवेल मात्र घरचेच न्या, माणशी दोन. खाऱ्या हवेत ते लवकर वाळत नाहीत.

शाकाहारी किती, कांदा-लसूण न खाणारे किती, हे रिसॉर्टला आकड्यात कळवा. जानेवारीत जायचं तर गड्ड्याची जत्रा (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) सोडून तारीख घ्या.

परतताना नऊला निघालात तर सोलापूर संध्याकाळी सात-आठला. सोमवारी पहिल्या पाळीला असलेल्यांना दुसरी पाळी द्या, आणि ते निघण्याआधीच फलकावर लावा.