तळ्याकाठची बाग आणि चुकलेला बाक

तळ्याकाठी बाग करायची म्हणून मी उत्साहाच्या भरात जो पहिला प्लॅन काढला ना, त्यात सगळी झाडं एकाच महिन्यात फुलणारी, म्हणजे महिनाभर रंगांचा नुसता दंगा आणि उरलेले अकरा महिने काड्या बघत बसायचं. वर बाक कुठे टाकला, तर त्याच झाडांखाली! तिथे बसलं की त्या झाडांचं प्रतिबिंब दिसणार समोरच्या काठावरच्या माणसाला, आपल्याला दिसणार पलीकडची झाडं. इतकं साधं पण कागदावर सुचलंच नाही.

मग चीनमधल्या हांगचौच्या वेस्ट लेकबद्दल वाचत बसलो. सु दोंगपो हा कवी तिथला अधिकारी होता, त्याने 1090 च्या सुमारास तळ्यातला गाळ उपसायला लावला आणि त्याच गाळाचा जवळपास 2.8 किलोमीटरचा बांध घातला, मध्ये सहा पूल. आज त्यावर पीच आणि विलोची झाडं आहेत. तिथली दहा दृश्यं प्रसिद्ध आहेत आणि त्यांची नावंच बघा, बांधावरची वसंतातली पहाट, शांत तळ्यावरचा शरदातला चंद्र, तुटक्या पुलावर रेंगाळलेला बर्फ. चंद्रवाल्यात तर एका झाडाचंही नाव नाही, नुसतं मोकळं पाणी. आणि मी निघालो होतो अख्खं तळं कमळांनी भरायला!

जपानमधल्या कानाझावाच्या केनरोकुएन बागेत तर मेंटेनन्सच बघण्यासारखा असतो. तिथला बर्फ ओला, जड, फांद्या मोडतो, म्हणून 1 नोव्हेंबरपासून झाडांशेजारी उंच खांब उभे करून वरून फांदीफांदीला दोर बांधतात, छत्रीच्या काड्यांसारखे. तळ्याकाठच्या जुन्या पाइनपासून सुरुवात करतात, ते झाड बीवा तळ्याच्या काठावरून आणलेल्या बियांपासून वाढवलेलं. परंपरा म्हटलं की आपण लगेच कंदील नाहीतर पुतळा शोधायला जातो, इथे दोर बांधणारे माळी म्हणजेच परंपरा (हे मला फार आवडलं).

तर आता बाक उचलून समोर नेलाय, अजून कागदावरच. पानगळीत रंग बदलणारं झाड एकच, पण पलीकडच्या काठावर एकटं. कमळं उथळ कोपऱ्यात, मधलं पाणी मोकळं. आणि वाळलेल्या कमळाच्या दांड्या कापायच्या नाहीत. त्या वाकून टोक पाण्यात बुडवतात, खाली त्यांचंच प्रतिबिंब जोडलं जातं आणि पाण्यावर काळे वेडेवाकडे चौकोन तयार होतात, वारा आला की मोडतात.