सात मीटर नायलॉनची दोरी

सॅक भरत होते तेव्हा सासूबाईंनी माळ्यावरून नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं काढून माझ्या मांडीवर टाकलं. "पावसापाण्याचं जाऊन राहिले, कपडे वाळवान कुठी?"

हे हसले. "आई, तिथं लॉन्ड्री असते."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीनं नागपूरच्या बर्डी बाजारातून दोन सॅक आणून दिल्या होत्या. ट्रॉली बॅग नाही, टूर कंपनी नाही, पाठीवर सामान टाकून निघायचं. जुलैअखेरीस केरळ म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी मला दोनदा विचारलं, डिसेंबर म्हणायचंय का? पण मे महिनाभर पंचेचाळीस अंशांत कूलरमध्ये पाणी भरणाऱ्या माणसाला 'पाऊस जास्त आहे' ही तक्रारच समजत नाही. आम्हाला पाऊसच पाहायचा होता. दोरी मात्र मी गुपचूप सॅकच्या तळाशी घातली.

केरला एक्सप्रेस नागपुरातून सुटली, बल्लारशा गेलं, वारंगल गेलं, आणि दुसऱ्या दिवशी कोइम्बतूरला उतरून पाहते तर प्लॅटफॉर्म ठणठणीत कोरडा. हे म्हणाले, "पाऊस आपल्या नागपूरच्या इतवारीतच राह्यला वाटतं." मग गाडी पालक्काडच्या खिंडीत शिरली. सह्याद्रीची भिंत इथे साधारण तीस किलोमीटर तुटलेली आहे. कोइम्बतूर डोंगराच्या आडोशाला, म्हणून कोरडं. खिंडीतला वारा खिडकीतून सपकन आत आला, त्याच्या मागून थेंब आले, आणि डब्यातल्या मल्याळी बायकांनी न बोलता एकामागून एक शटर खाली ओढले. आम्ही दोघंच उघड्या खिडकीशी भिजत बसलो, येड्यासारखे.

कोचीचे दोन दिवस छत्रीतच गेले. मासेमारीची चिनी जाळी बघितली, फोटो धूसर आले, विषय संपला. अलप्पुळाहून कोट्टयमला सरकारी बोटीनं गेलो ते मात्र विसरणार नाही. हाऊसबोटीच्या भाड्याच्या मानानं तिकीट अगदी किरकोळ. दोन्ही बाजूंना ताडपत्री सोडलेली, मधे शाळेची पोरं, एक आजोबा आणि आम्ही. वाटेतल्या कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, बांध घालून पाणी उपसत राहावं लागतं, तेव्हा कुठे पीक येतं. आमच्याकडे शेतकरी आभाळाकडे बघत पाण्याची वाट पाहतो. इथे बोटीतून डोकावलं तर शेत खाली आणि पाणी वर.

खरी परीक्षा मुन्नारला. चार दिवस. तिसऱ्या दिवशी ऑरेंज अलर्ट लागला, म्हणजे चोवीस तासांत ११५ मिलिमीटरच्या वर पावसाचा अंदाज. शाळांना सुटी मिळाली. आदल्या दिवशी इरविकुलमच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो होतो. आनमुडी शिखर २६९५ मीटर उंच, पश्चिम घाटातलं सगळ्यात उंच, असं फलकावर वाचलं. शिखर जिथे असायला हवं तिथे पांढरं ढुस्स. पण नीलगिरी ताहर, म्हणजे तिथलं रानबकरं, दहा पावलांवर उभं राहून निवांत चरत होतं. हे त्याला बघत असताना त्यांच्या बुटात जळू शिरत होती, ते आम्हाला खोलीवर आल्यावर कळलं.

आणि कपडे. लॉन्ड्री नव्हतीच. पहिल्या संध्याकाळी मी दोरी काढली, खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत बांधली, आणि यांच्याकडे मुळीच बघितलं नाही. सकाळी कपडे रात्री होते त्याहून ओले. हवाच ओली, त्याला दोरी तरी काय करणार? तिसऱ्या दिवशी भांडण झालं. यांनी स्वतःचे मोजे पंख्याच्या बरोब्बर खाली सरकवले आणि माझा कुर्ता भिंतीकडे ढकलला. पंचवीस वर्षांत पैशावरून, माहेरावरून भांडलो असू, मोज्यांवरून पहिल्यांदाच. शेवटी घरमालकीण, तिला सगळे चेची म्हणजे ताई म्हणत, कपड्यांचा बोळा उचलून चुलीवरच्या तारेवर टाकून आली. परत मिळाले तेव्हा सगळ्यांना धुराचा वास. वर तिनं आम्हा दोघांना औषधी कंजी, म्हणजे तांदळाची पेज, पाजली. त्यांचा कर्किडकम महिना चालू होता, आपल्या आखाड-श्रावणासारखा. या दिवसांत शरीर जपायचं, फार हिंडायचं नाही, असं तिनं खुणांनी सांगितलं. आमच्या सॅककडे बघत सांगितलं.

मुन्नारहून बोडीमेट्टूचा घाट उतरलो. वर धुकं आणि वायपर, खाली तमिळनाडूत लख्ख ऊन. त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर येतो.

तंजावरला बृहदीश्वराच्या आवारात हजार वर्षांच्या देवळाकडे बघायचं सोडून मी भिंतीवरची मराठी वाचत बसले. तंजावरच्या मराठी सरफोजी राजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास दगडात कोरून ठेवलाय. इतके दिवस खुणांवर भागवल्यानंतर भिंत आपल्या भाषेत बोलत होती. यांचं बालपण नागपूरच्या महाल भागातलं, त्यामुळे लगेच चालू झाले: आपले नागपूरचे रघुजीराजे १७४१ मध्ये इथून जवळच तिरुचिरापल्ली जिंकून गेले, तेही भोसलेच. मग जेवताना सांबाराची वाटी समोर आल्यावर म्हणतात, "आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर." वेटरला नाही, मला. मी नागपूरचीच आहे.

तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी जवळच्या तिरुवैयारूला कावेरीवर गेलो. बायका नदीची ओटी भरावी तशी पूजा करत होत्या, एकमेकींना पिवळे दोरे बांधत होत्या, चिंचेचा भात वाटत होत्या. एका आजींनी माझ्याही मनगटाला दोरा बांधला. आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि नदी दुथडी. हे पाणी वर कर्नाटकातल्या कोडगूत पडलेल्या पावसाचं.

लॉजच्या गच्चीवर दोरी बांधली. अर्ध्या तासात मोजेसुद्धा कडक वाळले. ते मोजे हातात घेऊनच यांनी आईला फोन लावला, दोरी कामी आली म्हणून सांगायला.

पलीकडून आवाज आला, "इथं चार दिवसांपासून पाणी लागून राह्यलं. अन् तुम्ही गॅलरीत वाळत घातलेली चादर? तशीच हाय. दोरी तर तुम्ही घेऊन गेले, आतमधी टाकू कुठी?"