धंदा वाढवायचाय, पण पैसे कुठे अडकणार ते आधी बघा

सात वर्षांपूर्वी आम्ही वर्कशॉपसाठी दुसरं मशीन घेतलं आणि त्याचे सगळे पैसे ओव्हरड्राफ्टमधून (बँकेने ठरवलेल्या लिमिटपर्यंत खात्यातून जास्तीचे पैसे काढायची सोय) दिले. लिमिट मोकळं होतं, ऑर्डरी हातात होत्या, टर्म लोनच्या (ठरावीक मुदतीत हप्त्यांनी फेडायच्या कर्जाच्या) कागदपत्रांना दीड महिना लागणार होता आणि मला थांबायचं नव्हतं. मशीन चांगलं निघालं, कामही भरपूर आलं, पण चौथ्या महिन्यात कच्चा माल घ्यायला पैसेच उरले नाहीत, कारण जे लिमिट मालासाठी होतं ते मशीनमध्ये जाऊन बसलं होतं. त्यात रिन्यूअलच्या वेळी बँकेने लिमिट कमी केलं. धंदा नफ्यात होता, आणि मी पगार करण्यासाठी घरची ठेव मोडली.

तेव्हापासून कोणी विचारलं की वाढीसाठी पैसे कुठून आणू, तर मी आधी उलट विचारतो, की ते पैसे कशात अडकणार आहेत आणि किती दिवसांनी मोकळे होणार? मशीन पाच-सात वर्षं कमावून देणार असेल तर त्याचं कर्जही तेवढंच लांब हवं. माल दोन महिन्यांत विकून पैसे परत येणार असतील तर तिथे लिमिट ठीक आहे. माझी चूक एवढीच होती, पण तिने मला जवळजवळ बंद पाडलं होतं.

आता खेळत्या भांडवलाचं, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशांचं, गणित बघा, कारण वाढणारे धंदे सगळ्यात जास्त इथेच बुडतात. समजा माल गोडाऊनमध्ये 40 दिवस पडून राहतो, गिऱ्हाईक 60 दिवसांनी पैसे देतं आणि सप्लायर तुम्हाला 30 दिवसांची उधारी देतो. 40 आणि 60 मिळून 100, त्यातून 30 गेले, म्हणजे 70 दिवस तुमचे स्वतःचे पैसे बाहेर फिरतायत. विक्री दुप्पट झाली की ही अडकलेली रक्कमही दुप्पट होते, आणि नफा मात्र गिऱ्हाइकाने पैसे दिल्यावरच हातात येतो. म्हणून ऑर्डरी वाढल्या की खातं रिकामं होतं, आणि मालकाला वाटतं कोणीतरी चोरी करतंय.

सगळ्यात स्वस्त पैसा या 70 दिवसांतच लपलेला असतो. ऑर्डरसोबत थोडा अ‍ॅडव्हान्स मागा, बिल माल गेला त्याच दिवशी पाठवा (आमच्याकडे बिल आठवडाभर टेबलावर पडायचं, तो आठवडा आम्हीच गिऱ्हाइकाला फुकट दिला), न हलणारा माल काढून टाका. डेल कंपनी 1990 च्या दशकात थेट गिऱ्हाइकाला कॉम्प्युटर विकून इतकी वेगाने वाढली त्यात याचा मोठा हात होता, गिऱ्हाइकाचे पैसे आधी यायचे आणि सुट्या भागांचे पैसे सप्लायरला नंतर जायचे. सगळ्यांना हे जमेल असं नाही, पण 70 चे 50 दिवस करणं बहुतेकांना जमतं, आणि त्यासाठी कोणाला तारण द्यावं लागत नाही.

सप्लायरची उधारी फुकट वाटते, पण नेहमी नसते हं. दहा दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के सूट, नाहीतर 30 दिवसांत पूर्ण रक्कम, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. ती सूट सोडली म्हणजे 20 दिवसांसाठी तुम्ही 2 टक्के मोजले, वर्षाच्या हिशोबात ते 37 टक्क्यांच्या आसपास जातं! त्यापेक्षा लिमिट वापरून सूट घेणं परवडतं.

मोठी गिऱ्हाइकं पैसे द्यायला उशीर करत असतील पण बुडवणारी नसतील, तर बिल डिस्काउंटिंग किंवा फॅक्टरिंग बघा, म्हणजे गिऱ्हाइकाकडून यायच्या बिलावर बँक किंवा फायनान्स कंपनीकडून आधीच पैसे घेणं. बिलाच्या साधारण 80 ते 90 टक्के रक्कम लगेच मिळते, उरलेली गिऱ्हाइकाने पैसे दिल्यावर फी कापून. फक्त एक विचारून घ्या, गिऱ्हाइकाने पैसे दिलेच नाहीत तर नुकसान कोणाचं? बऱ्याच करारांत ते तुमचंच असतं.

टर्म लोनला बँक तारण बघते हे सगळ्यांना माहीत असतं, पण हप्ता भरायची ताकदही तेवढीच बघते. साधारण अपेक्षा अशी, की वर्षाचे हप्ते आणि व्याज मिळून 100 असेल तर धंद्यातून त्यासाठी निदान 125 मोकळे राहिले पाहिजेत. हे गणित अर्ज करण्याआधी स्वतःच करा, आणि विक्री 20 टक्के कमी धरून परत एकदा करा. आणि कोणी फ्लॅट रेट सांगितला तर तिथेच थांबा. तीन वर्षांसाठी 10 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या रकमेवर जवळपास 18 टक्के पडतं, कारण मुद्दल दर महिन्याला परत जात असतं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवरच चालू राहतं. वैयक्तिक जामीन देणार असाल तर घरी बसून सगळ्यांशी बोलून मगच सही करा, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असली तरी त्या सहीनंतर घर वेगळं राहत नाही.

गुंतवणूकदार आणायचा का, यावर माझं मत जरा कडक आहे. ज्या धंद्यात आधी बरीच वर्षं फक्त खर्च आहे, प्रॉडक्ट बनवायचंय, बाजार अजून तयार व्हायचाय, तिथे हप्त्याचं कर्ज घेणं चूक आहे आणि हिस्सा देणंच बरोबर. पण चालू, नफ्यातला धंदा फक्त मालाच्या पैशासाठी हिस्सा विकत असेल तर तो सगळ्यात महाग पैसा घेतोय, कारण कर्ज फिटतं, हिस्सा फिटत नाही. दर वेळी नवीन शेअर काढून 20 टक्के दिले तर तीन वेळांनंतर तुमच्याकडे 51.2 टक्के उरतात, तेही कर्मचाऱ्यांसाठी काही शेअर बाजूला न ठेवता.

आणि नुसतं व्हॅल्युएशन (कंपनीची ठरवलेली किंमत) बघू नका, अटी वाचा. समजा एकाने 100 घालून 20 टक्के घेतले आणि करारात लिहिलंय की कंपनी विकली तर आधी त्याची रक्कम परत. पुढे कंपनी 150 ला विकली गेली तर 20 टक्क्यांनी त्याचे 30 होतात, पण तो 100 घेऊन जातो आणि बाकी सगळ्यांना मिळून 50 उरतात. हे कलम बहुतेक टर्मशीटमध्ये (गुंतवणुकीच्या मुख्य अटींच्या कागदात) असतं, त्यात गैर काही नाही, पण सही करताना ते माहीत असायला हवं, आणि त्यासाठी स्वतःचा वकील हवा, समोरच्याने सुचवलेला नाही.

सध्या आमच्याकडे तिसऱ्या मशीनचं चाललंय. टर्म लोन आणि लीज (मशीन भाड्याने घेणं) दोन्हींची कोटेशन आलीत, पाच वर्षांत एकूण किती पैसे बाहेर जाणार ते मी एकाच शीटवर मांडलंय. लीज थोडी महाग पडतेय पण सुरुवातीला हातचे पैसे कमी लागतात, म्हणून माझा कल तिकडे आहे. ओव्हरड्राफ्टला या वेळी हात लावलेला नाही.