आमची वाटचाल: सॉफ्टवेअर आधी नाही, काम आधी

आमचं काम म्हटलं तर छोटंच. व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, प्रॉडक्टची लेबलं, पॅम्प्लेट, अधूनमधून एखादं कॅटलॉग आणि आता सगळ्यात जास्त म्हणजे सोशल मीडियाच्या पोस्ट. गिऱ्हाईकही आमच्यासारखंच, छोटे धंदेवाले, ज्यांच्याकडे डिझाइनसाठी वेगळं बजेट वगैरे काही नसतं आणि सगळं उद्याच हवं असतं. मी आणि बायको दोघांनीच सुरू केलं, तिचा हात चित्रकलेत चांगला आणि मी आधी प्रिंटिंग प्रेसमध्ये नोकरी केलेली त्यामुळे छपाईचं मला कळायचं. आता हाताखाली चार पोरं-पोरी आहेत. नवीन धंदा सुरू करणारे बरेच जण विचारतात की स्वस्तातलं आणि पटकन शिकता येईल असं ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, दरवेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

प्रेसमध्ये होतो तेव्हा पर्याय असा प्रकारच नव्हता. डिझाइन म्हणजे कोरल ड्रॉ, फोटो म्हणजे फोटोशॉप, संपलं. दोन्ही जुनेजाणते प्रोग्राम, कोरल ड्रॉ १९८९ चं, फोटोशॉप १९९० चं, आणि डिझाइनचंच इलस्ट्रेटर तर त्याच्याही आधीचं, १९८७ चं. चांगले आहेत यात वादच नाही. पण २०१३ मध्ये फोटोशॉप-इलस्ट्रेटर बनवणाऱ्या अडोबी कंपनीने जाहीर केलं की इथून पुढे नवीन व्हर्जन फक्त सबस्क्रिप्शनवर, भाड्याने, म्हणजे एकदा विकत घेऊन पाच-सात वर्षं तेच वापरायचं हा छोट्या माणसाचा जो मार्ग होता तो बंद झाला. मोठ्या एजन्सीला हे परवडतं कारण तिथे माणूस दिवसभर त्यावरच बसलेला असतो. आमच्याकडे काम येतं ते लाटेसारखं, एक महिना श्वास घ्यायला वेळ नाही आणि पुढच्या महिन्यात दोन कार्डं नि एक बॅनर, भाडं मात्र दोन्ही महिन्यांचं सारखंच. आणि पैसे भरणं थांबवलं की प्रोग्राम उघडत नाही, फाइली तुमच्याच असतात पण त्या उघडायच्या कशात?

क्रॅक व्हर्जन, म्हणजे कुलूप तोडून फुकट केलेलं चोरीचं सॉफ्टवेअर, पेनड्राइव्हवर आणून देणारे सगळीकडे भेटतात. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. कायद्याचा भाग आहेच, पण दुसऱ्याच्या लोगोच्या ओरिजिनल फाइली ज्या कॉम्प्युटरवर ठेवायच्या त्यात कुठून तरी आलेलं, अँटीव्हायरस बंद करून इन्स्टॉल करावं लागणारं काहीतरी घुसवायचं, हे मला पटत नाही.

मग बायकोने एक डोकं लावलं, आणि खरं सांगायचं तर आमच्या वाटचालीतला महत्त्वाचा निर्णय तोच. ती म्हणाली, अहो, सॉफ्टवेअरची तुलना करत बसू नका, आधी आपण काय काय करतो त्याची वही काढा. वही काढली. त्यात दिसलं की काम चारच प्रकारचं आहे. एक, लोगो-लेबल-कार्ड, म्हणजे व्हेक्टर, ज्यात आकार गणिताने साठवलेला असतो आणि कितीही मोठा केला तरी फाटत नाही. दोन, फोटो साफ करणं, बॅकग्राउंड काढणं, म्हणजे पिक्सेलचं काम. तीन, आठ-दहा पानांचं कॅटलॉग, पण ते क्वचित. आणि चार, रोजच्या पोस्ट, ज्या संध्याकाळपर्यंत जुन्या होतात. ह्या चौघांना एकच महागडा प्रोग्राम लागतो असं कुणी सांगितलंय?

व्हेक्टरसाठी आम्ही इंकस्केप धरलं आणि आजही आमचा मुख्य प्रोग्राम तोच आहे. २००३ मध्ये सोडीपोडी नावाच्या प्रोग्रामपासून वेगळा झालेला हा प्रोजेक्ट, १.० व्हर्जन यायला मात्र २०२० उजाडलं, म्हणजे सतरा वर्षं पॉइंट-अमुकवरच चाललेलं. फुकट आहे, धंद्यासाठी वापरायलाही मोकळं, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे त्याची स्वतःची फाइल एसव्हीजी असते, आणि एसव्हीजी हे कुठल्या एका कंपनीचं फॉरमॅट नाही, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २००१ मध्ये पक्कं केलेलं स्टँडर्ड आहे. ब्राउझरमध्ये टाकली तरी उघडते. उद्या इंकस्केप बंद पडलं तरी दहा वर्षांपूर्वीचा लोगो कुठेतरी उघडणारच ही खात्री मला कुठल्याही भारी फीचरपेक्षा मोठी वाटते.

शिकायला सोपं आहे का? हो, पण कुठून सुरू करता त्यावर आहे. टूलबारमधलं वरून खाली एकेक बटण शिकवत गेलं की नवीन माणूस कंटाळतो, त्याच्या डोक्यात काही बसत नाही. आमच्याकडे नवीन कुणी आलं की आम्ही त्याला एकच काम देतो. गिऱ्हाईकाने मोबाइलवर पाठवलेला धूसर, चौकोन-चौकोन दिसणारा जेपीजी लोगो, तो नव्याने काढायचा. ह्या एका कामात सगळं येतं: फोटो खाली ठेवून लेयर लॉक करणं, पेन टूलने वळणं काढणं, नोड (रेषेवरचे बिंदू, ज्यांनी आकार ठरतो) हलवणं, दोन आकार जोडणं-वजा करणं, अलाइन, रंग, एक्सपोर्ट. प्रोग्राममध्ये ट्रेस बिटमॅप आहे, एका क्लिकवर फोटोचं व्हेक्टर करून देतं, आणि प्रत्येक नवीन पोराला वाटतं की हे असताना हाताने कशाला मरायचं. मग त्याला सांगायचं, आता नोड दाखव. जिथे गोलाला चार नोड पुरतात तिथे ट्रेसने शेकडो टाकलेले असतात, कडा थरथरलेल्या, आणि कटिंग प्लॉटरवर स्टिकर कापायला दिलं की ब्लेड त्या प्रत्येक थरथरीवर अडखळतं. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की पोरं आपोआप पेन टूलकडे वळतात. आमच्याकडची एक मुलगी आली तेव्हा तिने मोबाइलपलीकडे काही वापरलेलं नव्हतं, आज ती "दादा, ह्या अक्षराला दोन नोड जास्त आहेत" असं मलाच सांगते.

फोटोसाठी गिंप. १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, फुकट आणि ताकदवान, पण फोटोशॉपची सवय असलेल्या माणसाला ते पहिले काही दिवस छळतं, शॉर्टकट वेगळे, मेनू वेगळे. ज्याने आधी काहीच शिकलेलं नाही त्याला मात्र अजिबात त्रास होत नाही. पूर्वी त्यात एक मोठी अडचण होती, ब्लर किंवा तसला फिल्टर लावला की तो फोटोत कायमचा मिसळायचा, नंतर बदलायचा तर अनडू करत मागे जा. मार्च २०२५ मध्ये ३.० आलं त्यात फिल्टर वेगळा राहतो, हवा तेव्हा कमी-जास्त करता येतो. क्लासमध्ये फोटोशॉप शिकून आलेल्यांना आम्ही कधीकधी फोटोपी देतो, ते ब्राउझरमध्येच चालतं, दिसायला जवळपास तसंच, आणि पीएसडी म्हणजे फोटोशॉपची फाइल लेयरसकट उघडतं. बाहेरून कुणी पीएसडी पाठवली तर आमची पहिली धाव तिकडेच.

कॅनव्हा म्हणजे तयार टेम्प्लेटवर डिझाइन करायची वेबसाइट, त्याबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. डिझाइनर नाक मुरडतात, धंदेवाले म्हणतात आता डिझाइनरची गरजच काय. २०१३ मध्ये आलेलं हे, आणि रोजच्या पोस्टसाठी याच्याइतकं सोपं काही नाही हे मी बिनदिक्कत सांगतो, कारण टेम्प्लेट आम्ही बनवून देतो आणि तारीख-मजकूर गिऱ्हाईक स्वतः बदलून घेतं, रात्री अकराला "तेवढं एक स्पेलिंग" म्हणून फोन येत नाही. पण लोगो तिथे करायचा नाही. तयार टेम्प्लेट आणि तयार चित्रं ही सगळ्यांसाठी असतात, तुमच्यासारखाच लोगो दुसऱ्या कुणाच्या पाटीवर दिसू शकतो, आणि तसल्या स्टॉक चित्रावर ट्रेडमार्क घेता येत नाही, त्यांच्याच लायसन्समध्ये लिहिलंय. शिवाय पारदर्शक बॅकग्राउंडचा पीएनजी आणि छपाईसाठी सीएमवायके (चार शाईंच्या रंगांची) पीडीएफ हे दोन्ही पैसे भरलेल्या प्लॅनमध्येच मिळतं, फुकटवाल्यात नाही.

आता छपाई, कारण फुकट सॉफ्टवेअरला लोक नावं ठेवतात ती इथे. स्क्रीन आरजीबी असते, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाची, मशीन सीएमवायके छापतं, म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी शाई. इंकस्केपमधून निघणारी नेहमीची पीडीएफ आरजीबी असते. डिजिटल प्रिंटरवर शंभर कार्डं काढायची तर याने काही बिघडत नाही, मशीन स्वतः रंग बदलून घेतं. ऑफसेटला, म्हणजे प्रत्येक शाईची प्लेट बनवून होणाऱ्या छपाईला, मात्र बिघडतं, आणि सगळ्यात जास्त बिघडतं ते काळ्या रंगाचं. आरजीबीतला काळा सीएमवायकेत गेला की बहुतेकदा चारही शाईंचा बनतो, आणि लेबलवरची बारीक अक्षरं चार प्लेटांनी छापली की प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत सावली येते. बारीक मजकूर फक्त के म्हणजे काळ्या प्लेटवर, शंभर टक्के, हा प्रेसमधला पहिला धडा. त्यामुळे ऑफसेटचं काम आम्ही शेवटी स्क्रायबस ह्या पानं मांडायच्या फुकट प्रोग्राममध्ये नेतो, चित्र इंकस्केपचं, मजकूर आणि रंग स्क्रायबसमध्ये, तिथून सीएमवायके पीडीएफ व्यवस्थित निघते. कॅटलॉगही त्यातच. दिसायला जुनाट आहे, तरुण पोरांना आवडत नाही, नाइलाजाने शिकतात. बाकी चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेला भाग) आणि फोटो ३०० डीपीआय (एका इंचात तेवढे ठिपके) हे कुठल्याही प्रोग्राममध्ये सारखंच, ए४ पानभर फोटो असेल तर तो साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा हवा. लांबून बघायच्या मोठ्या बॅनरला एवढं लागत नाही, शंभर डीपीआयसुद्धा भरपूर होतात, उगाच ३०० ठेवून कॉम्प्युटर हँग करून घेऊ नका.

आणि मराठी! सॉफ्टवेअरच्या कुठल्याही यादीत हे नसतं आणि आपलं अर्धं काम इथेच अडतं. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे, फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली की सगळी इंग्रजी रांगोळी. युनिकोडमुळे ते संपलं, पण युनिकोडमध्ये जोडाक्षर जुळवायचं काम प्रोग्रामने करायचं असतं आणि सगळे ते नीट करत नाहीत. म्हणून कुठलाही नवीन प्रोग्राम आला की आम्ही फीचर बघायच्या आधी एक ओळ टाइप करतो: "दऱ्याखोऱ्यांतल्या विद्यार्थ्यांची प्रतिष्ठित क्षत्रियांशी दृष्टभेट". अर्थ शोधू नका. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसते का, रफार योग्य जागी चढतो का, ऱ्य नीट दिसतो का, द्य आणि ष्ठ जुळतात का, सगळं कळतं. एक प्रोग्राम, नाव घेत नाही, दिसायला इतका देखणा होता की पोरं खूश, आणि ह्या ओळीत त्याने वेलांट्या अशा उधळल्या की दहा मिनिटांत अनइन्स्टॉल. इंकस्केप आणि गिंप दोन्ही ही ओळ नीट दाखवतात. इलस्ट्रेटरमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर त्यात भारतीय भाषांसाठी वेगळा टेक्स्ट कंपोझर असतो, तो निवडावा लागतो, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि ते फॉन्टला शिव्या देतात. फॉन्टचं म्हणाल तर मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे ओपन फॉन्ट लायसन्सचे आहेत, गिऱ्हाईकाच्या कामात बिनधास्त वापरा, फक्त तो फॉन्टच सुटा उचलून विकायचा नाही.

सध्या आमच्याकडे चर्चा ॲफिनिटी नावाच्या डिझाइन सॉफ्टवेअरची आहे. आधी ते एकदाच पैसे देऊन मिळायचं आणि छोट्या स्टुडिओंना तेच आवडायचं. मार्च २०२४ मध्ये कॅनव्हाने ती कंपनी घेतली तेव्हा सगळे धास्तावले की आता इथेही भाडं सुरू होणार, आणि झालं उलटंच, ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हेक्टर, फोटो आणि पानांची मांडणी तिन्ही एकाच ॲपमध्ये घालून ते फुकट केलं, फक्त कॅनव्हाचं अकाउंट लागतं आणि एआयवालं काही हवं असेल तर त्याचे पैसे. पोरं म्हणतात दादा, स्क्रायबस सोडून इकडे जाऊ. मी म्हटलं बघू, आपली ओळ टाइप करा, एक लेबल ऑफसेटला पाठवून बघा, आणि मग बोलू. कंपनीने फुकट दिलेलं आणि लोकांनी मिळून बांधलेलं फुकट यात मला फरक वाटतो, पहिल्याचा निर्णय एका मीटिंगमध्ये बदलू शकतो. बायकोचं मत वेगळं आहे, ती म्हणते जोवर मिळतंय तोवर वापरा, फक्त मास्टर फाइल एसव्हीजी आणि पीडीएफमध्ये ठेवत चला.

ते मात्र आम्ही कटाक्षाने करतो. प्रत्येक कामाचं एक फोल्डर, त्यात एडिट करायची फाइल, अक्षरांचे पाथ (म्हणजे फॉन्ट न लागणारे नुसते आकार) करून ठेवलेली छपाईची पीडीएफ, आणि वापरलेले फॉन्ट. अक्षरं तशीच असलेली प्रत वेगळी ठेवायची, नाहीतर फोन नंबर बदलायचा म्हटलं तर एकेक आकडा पुन्हा जुळवत बसावं लागतं. हे फोल्डर गिऱ्हाईकालाही देतो, काही जण आश्चर्याने बघतात, कारण फाइल अडकवून ठेवली की गिऱ्हाईक बांधलेलं राहतं असं धंद्यात बरेच जण मानतात. प्रेसच्या काळातल्या कोरल ड्रॉच्या जुन्या सीडीआर फाइली अजून ढीगभर पडल्यात, इंकस्केपमध्ये बऱ्याच उघडतात, नाही उघडली तर लिबरऑफिस ड्रॉमध्ये बघायची, ग्रेडियंट आणि मजकूर इकडेतिकडे होतो तेवढा हाताने नीट करावा लागतो. सगळ्या एकदम बदलत बसायला वेळ कुणाला आहे, ज्याची रिपीट ऑर्डर येते त्याची फाइल तेवढी काढतो, नीट करतो आणि नव्या फोल्डरमध्ये टाकतो.