तुम्ही विचारलेत म्हणून: ध्यानाने ताण जातो का?

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करून आल्यापासून नात्यातली आणि कार्यालयातली माणसे मला हाच प्रश्न विचारतात. ताण जात नाही, असे म्हटले की त्यांचा चेहरा उतरतो. म्हणून सविस्तर सांगते.

तेथे पहाटे ४ वाजता घंटा होते, मौन पाळावे लागते, आणि पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास जाणत राहणे, एवढेच काम असते. दुसऱ्या दिवशी दुपारी मला प्रथमच कळले की डोळे मिटून स्वस्थ बसलेली असतानाही माझे दात एकमेकांवर घट्ट आवळलेले आहेत आणि खांदे कानांकडे ओढलेले आहेत. फोन जमा केलेला होता, कोणी काही मागत नव्हते, तरी अंग मार्चअखेरचे हिशेब समोर असल्यासारखे ताठ होते.

धोका जाणवला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल स्रवतात, छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, पचन मंदावते. समोर साप असेल तर याच व्यवस्थेने जीव वाचतो. पण धोका मनातल्या मनात उगाळलेला असला तरी ती तशीच जागी होते आणि उगाळणे चालू असेपर्यंत निवत नाही. मन श्वासाशी आणले की हे उगाळणे तुटते. आनापानात श्वास मुद्दाम बदलायचा नसतो, मात्र पाहता पाहता तो संथ होतो, आणि श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेच्या (मज्जातंतूच्या) प्रभावामुळे हृदयाचे ठोके मंदावतात. मनगटावरच्या नाडीवर बोट ठेवून सावकाश श्वास सोडून पाहा. बहुतेकांना ठोक्यांतले अंतर बोटालाच कळते.

१९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्यासाठी काही आठवड्यांचा ध्यानक्रम सुरू केला. दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या रुग्णांनाही त्यात दुखण्याकडे न घाबरता पाहायला शिकवले जाई. रक्तदाबाची गोळी मात्र ध्यानाच्या भरवशावर बंद करू नये, आणि गंभीर मानसिक आजार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिबिराला जाऊ नये, हे मी प्रत्येकाला बजावते.

गेल्या पावसाळ्यात आईला मध्यरात्री रुग्णालयात न्यावे लागले. जिना उतरताना माझे हात थरथरत होते. रिक्षात बसल्यावर दात आवळले गेल्याचे ध्यानात आले, जबडा सैल सोडला, चार श्वास पाहिले. भीती होतीच; तरीही डॉक्टरांनी विचारल्यावर आईच्या पाचही औषधांची नावे मला न अडखळता सांगता आली.